अंगणांतील स्प्रूस : निवड आणि निगा

अमेरिकेंत घरापुढें स्प्रूस लावण्याची हौस मोठी. हिमालयांतील राई वृक्षाचा हा भाऊबंद बारमाही हिरवा व शंकूच्या घाटाचा असतो. रोपवाटिकेंत तो कमरेएवढा दिसतो आणि तेथेंच घेणारा फसतो. नॉर्वे स्प्रूस शंभर फुटांच्याहि वर जाऊं शकतो. त्याच्या खालच्या फांद्यांचा घेर पंचवीस-तीस फूट होतो. दाराशीं लावलेलें रोप कांहीं वर्षांनीं वाट अडवितें. फांद्या छाटाव्या, तर त्या पुन्हां फुटत नाहींत आणि वृक्षाची शोभा कायमची जाते.

म्हणून प्रथम जागा मोजावी, मग जात निवडावी. जागा थोडी असल्यास ‘ड्वार्फ अल्बर्टा’ हा ठेंगणा प्रकार बरा. १९०४ सालीं कॅनडांत सांपडलेला हा स्प्रूस वर्षास दोन ते चार इंचच वाढतो. कोलोरॅडोचा निळा स्प्रूस रुपेरी झांकेमुळें पुष्कळांच्या मनांत भरतो. परंतु तो रॉकी पर्वतांतील कोरड्या हवेचा. पूर्वेकडील दमट उन्हाळ्यांत त्यास बुरशीचा रोग जडतो व खालच्या फांद्यांच्या सुया गळूं लागतात.

लागवडीस भरपूर ऊन आणि पाण्याचा निचरा हवा. खड्डा खोल न करितां रुंद करावा. बुंध्याचा मुळांलगतचा फुगीर भाग मातीखालीं गाडूं नये. पहिलीं दोन-तीन वर्षें कोरड्या दिवसांत पाणी द्यावें.

मुळें उथळ असल्यानें वादळांत मोठा वृक्ष उन्मळूं शकतो. यास्तव उंच जात भिंतीपासून दूरच लावावी. जागा चुकली, तर ती चूक निस्तरावयास पुढें कुऱ्हाडच लागते.