टायको विवर

टायको हे चंद्राच्या दक्षिण गोलार्धातील डोंगराळ प्रदेशातले आघातविवर आहे. डेन्मार्कचे खगोलनिरीक्षक टायको ब्राहे यांचे नाव त्याला दिलेले आहे. त्याचा व्यास सुमारे ८५ किलोमीटर असून काठापासून तळ साडेचार किलोमीटरहून खोल आहे. आतल्या भिंती पायऱ्यापायऱ्यांनी खचलेल्या दिसतात. तळावर आघाताने वितळून पुन्हा गोठलेला खडक पसरला आहे आणि मधोमध सुमारे दोन किलोमीटर उंचीचा डोंगर आहे. हा डोंगर ज्वालामुखीचा नव्हे. धडकेने दाबला गेलेला खडक क्षणार्धात उसळून वर आला आणि तसाच राहिला. त्याच्या माथ्यावर शंभर मीटरहून रुंद असा एकच प्रचंड दगड बसलेला आहे.

आजूबाजूची विवरे फार जुनी, झिजलेली आणि एकमेकांवर चढलेली आहेत. टायको मात्र सुमारे १० कोटी ८० लाख वर्षांचे, म्हणजे चंद्राच्या हिशेबात अगदी कोवळे. हे वय अपोलो १७ च्या नमुन्यांवरून काढलेले आहे. ते यान उतरले दोन हजार किलोमीटरहून दूर, पण तिथली दरड टायकोतून उडालेल्या दगडधोंड्यांच्या माऱ्याने कोसळली असावी, असे मानले जाते.

विवराच्या काठाभोवती गडद वलय आहे आणि त्यापलीकडे पांढुरके पट्टे दीड हजार किलोमीटरपर्यंत पसरले आहेत. १९६८ च्या जानेवारीत सर्व्हेयर ७ हे यान उत्तर काठाबाहेर आघातात विवरातून उडालेल्या राडारोड्यावर उतरले. पट्टे सर्वांत ठळक दिसतात ते पौर्णिमेच्या सुमारास. भिंती आणि मधला डोंगर मात्र अष्टमीनंतर एकदोन दिवसांत, सावल्या लांब असताना, छोट्या दुर्बिणीतूनही उठून दिसतात.