शिवणीतली माया

मराठीत वस्तू स्वस्त असते आणि वस्तू स्वस्त पडते, हे दोन वेगळे व्यवहार आहेत. पहिला दुकानात पुरा होतो. दुसऱ्याचा हिशेब वर्ष-दोन वर्षांनी, कपडा अंगावरून उतरून त्याचे फडके झाले की लागतो. बुलढाणा तालुक्यातल्या देऊळघाटसारख्या गावात, जिथे जिल्ह्याचे ठिकाण अगदी जवळ आहे आणि शेती कपाशी-सोयाबीनची आहे, तिथे आज तीन-साडेतीनशे रुपयांत नव्या धाटणीची कुर्ती मिळते. फोनवरून मागवली तर ती दारात येते, पैसे हातात वस्तू आल्यावर द्यायचे. स्वस्त असण्याच्या बाबतीत बायकांच्या कपड्यांना इतके चांगले दिवस कधी नव्हते. प्रश्न आहे तो पडण्याचा. या प्रश्नाचे उत्तर मोठ्या शहरातल्या दुकानात किंवा फोनच्या पडद्यावर शोधण्यापेक्षा गावातल्या शिलाई मशीनजवळ शोधावे, असे मला वाटते. कमी पैशात चांगले दिसायचे असेल तर खर्च तयार कपड्यावर न करता कापडावर आणि शिलाईवर करावा, हे या लेखाचे म्हणणे आहे. ते जुन्या काळाच्या ओढीतून आलेले नाही. आजच्या फॅशनचा स्वभावच तसा आहे.

फॅशन गावात पोहोचते कशी, ते आधी पाहू. पूर्वी ती सिनेमातून आणि नंतर मालिकांतून यायची. २०१३ साली ‘होणार सून मी ह्या घरची’ सुरू झाली आणि तिच्यातल्या जान्हवीच्या मंगळसूत्राची मागणी सराफांकडे गावोगाव होऊ लागली. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि मधली वाट पाहण्याची मुदत संपली. मीशो ही कंपनी २०१५ साली निघाली ती घरबसल्या व्हॉट्सॲपवर कपडे विकणाऱ्या बायकांच्या जोरावर. झुडिओ ही दुकाने २०१६ची, हजाराच्या आतल्या किमतींची. २०२५ साली ईदच्या सुमारास फर्शी सलवारची लाट आली तेव्हा लखनऊ, मुंबई आणि बुलढाणा तालुका यांनी ती एकाच आठवड्यात पाहिली. यात बायकांचा मोठा फायदा झाला आहे, तो कमी लेखू नये. घरातल्या कोणीतरी बाजारातून आणलेले गुपचूप नेसायचे, यापेक्षा स्वतः शंभर नमुने पाहून निवडायचे, हे स्वातंत्र्य आहे. २०२४पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये ज्यांच्या खात्यात येतात, त्यांच्यापैकी अनेकींना आपल्या मनाने खरेदी करणे पहिल्यांदाच जमले असेल. म्हणून ‘बायका कपड्यांवर उधळतात’ हा सूर मला मान्य नाही. उलट, त्यांच्या पैशाचे पूर्ण मोल त्यांना मिळते आहे का, एवढेच विचारायचे आहे.

आता फॅशनचा स्वभाव. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या लाटा आठवून पाहा: अनारकलीचा घेर, प्लाझोची मोहरी, नायरा कटची कमरेवरची चुण्यांची ओळ, बोटनेक, फुग्याची बाही, आता फर्शीचा जमिनीवर लोळणारा पायघोळपणा. यांतली एकही गोष्ट कापडात नाही, सगळ्या कटात आहेत. गळा किती खोल, बाही कोपराच्या वर की खाली, घेर किती कळ्यांचा, यालाच बाजार नवी फॅशन म्हणतो. फुग्याची बाही तर परकर-पोलक्यातून गेली आणि ब्लाउजवर परत आली. कट हा कोणाच्या मालकीचा नसतो. फोनवर फोटो दाखवला की चांगला टेलर तो दोन दिवसांत कागदावर उतरवतो. खणाचे उदाहरण याहून बोलके आहे. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्डला विणला जाणारा अरुंद पन्ह्याचा हा कपडा आपल्या आज्यांच्या चोळीचा. ओटीत मिळालेले खण घराघरांत ट्रंकेत पडून असायचे. तो साडीत, कुर्तीत, पर्समध्ये आला आणि शहरी दुकानांत त्याचा भाव वाढला. ज्या घरात जुने खण जपले होते आणि शिवणारी बाई ओळखीची होती, तिथे ही फॅशन जवळजवळ फुकट आली. साध्या सुती कुर्त्याला गळ्याशी आणि बाहीच्या टोकाला खणाची पट्टी लावली की काम झाले.

शिवणकामात एक शब्द आहे, माया. टिपेच्या आत जे जास्तीचे कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, आणि माझ्या मते स्वस्त पडण्याचे अर्धे गणित या शब्दात आहे. दोन्ही बाजूंना, पुढच्या आणि मागच्या भागात प्रत्येकी इंचभर जादा माया असेल तर कुर्ता छातीत तीन इंचांपर्यंत सहज सैल करता येतो. लग्नानंतर, बाळंतपणानंतर अंग बदलते. मोठीचा ड्रेस धाकटीला येतो, कधी धाकटीचा मोठीला. टीप उसवायची, नवी घालायची, पाच-दहा मिनिटांचे काम. कारखान्यात ही माया ठेवणे परवडत नाही. दर नगामागे दहा सेंटिमीटर कापड वाचवले तर दहा हजार नगांमागे हजार मीटर वाचते, म्हणून तयार कपड्याची कड ओव्हरलॉकने जेमतेम अर्ध्या इंचावर बांधलेली असते. तो कपडा एका अंगासाठी आणि अंगाच्या एका काळासाठी असतो. शिवाय ते अंगही आपले नसते. एम, एल, एक्सएल ही मापे बहुतेक परदेशी तक्त्यांवरून आलेली आहेत. भारतीय शरीरांचा स्वतंत्र तक्ता करण्यासाठी राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, ‘इंडिया साइज’ प्रकल्पात सहा शहरांतल्या सुमारे २५ हजार लोकांची मापे घेण्याचे काम हाती घेतले. शहरांतली. शेतात वाकून काम करणाऱ्या, मजबूत खांद्यांच्या बाईला छातीत बसणारी कुर्ती मुंढ्यात का काचते, याचे उत्तर आजच्या तक्त्यांत नाही. ती ‘माझेच अंग बेढब’ म्हणून गप्प बसते. दोष तक्त्याचा आहे.

हिशेब मांडून पाहू. आकडे नमुन्याचे आहेत, प्रत्येकीने आपले घालून पाहावेत. समजा तयार कुर्ती साडेतीनशेची आणि पंधरा धुण्यांत तिचा रंग उडाला किंवा बाजूची शिवण निघाली. म्हणजे एका नेसणीला तेवीस रुपये पडले. दुसरीकडे अडीच मीटर सुती कापड एकशे चाळीसच्या भावाने साडेतीनशेचे आणि शिलाई अडीचशे, एकूण सहाशे. हा कुर्ता आठवड्यातून एकदा घातला, एकदा सैल केला आणि साठ वेळा अंगावर आला, तर नेसणीला दहा रुपये. महाग वाटलेला कपडा निम्म्याहून कमी पडला.

इथे कापडाचा मुद्दा येतो आणि त्यावरचा आक्षेपही. तीनशेच्या कुर्तीत बहुधा पॉलिस्टर किंवा पॉलिस्टरमिश्रित कापड असते. कापूस आपल्या वजनाच्या साडेआठ टक्क्यांपर्यंत ओल हवेतून धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. घाम शोषणे आणि न शोषणे यातला फरक हाच. घाटावरच्या बुलढाण्यात हे एकवेळ खपेल, पण घाटाखाली खामगाव-मलकापूरच्या मे महिन्यात पॉलिस्टरचे ब्लाउज घालून चुलीपुढे बसणे ही शिक्षा आहे. यावर कोणी म्हणेल, सिंथेटिक साडी पटकन वाळते, इस्त्री लागत नाही, रंग जात नाही आणि पाणीटंचाईच्या गावात धुवायला सोपी असते. हा आक्षेप खरा आहे. नऊवार म्हणजे सव्वाआठ मीटर ओले सुती लुगडे पिळणाऱ्या पिढीला नायलॉन-टेरिलीनने मोठा दिलासा दिला, आणि पावसाळ्यात शेतावर जाणारीने आजही तेच नेसावे. वाद सिंथेटिकशी नसून कापूस म्हणून पॉलिस्टर विकण्याशी आहे. आतल्या शिवणीचा एक दोरा काढून जपून जाळला की खरे कळते: सुती दोरा जळक्या कागदासारखा वास देतो आणि राख होतो, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. रेयॉनही कागदासारखेच जळते, पण ओले झाले की अशक्त होते आणि आटते. म्हणून ते शिवण्याआधी एकदा पाण्यातून काढावे.

कापसाच्या गावात कापूस महाग का, हाही प्रश्न आहे. २०२५-२६साठी मध्यम धाग्याच्या कपाशीचा हमीभाव क्विंटलला ७,७१० रुपये, म्हणजे किलोला सत्त्याहत्तर. सरकी काढल्यावर तिसरा हिस्सा रुई उरते. अडीच मीटर कापडाचे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास, कताई-विणाईतली तूट धरून चारशे ग्रॅम रुई, त्यासाठी सव्वा किलोच्या आत-बाहेर कपाशी. म्हणजे सहाशेच्या कुर्त्यात शेतकऱ्याचे, हमीभाव मिळालाच तर, नव्वद-शंभर रुपये. त्याच कुर्त्यात शिलाईचे अडीचशे. या दोन रकमा गावाच्या शिवेत राहतात, बाकीच्या भिवंडी, इचलकरंजी, सुरतेकडे जातात. २२ सप्टेंबर २०२५पासून अडीच हजारांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के जीएसटी झाला, तेव्हा स्वस्ताईच्या बातम्या आल्या. पण हजाराच्या आतल्या कपड्यावर तो आधीही पाचच टक्के होता. त्याच वेळी कृत्रिम तंतूवरचा कर अठरावरून आणि त्याच्या सुतावरचा बारावरून पाचवर आला, म्हणजे पॉलिस्टरला आणखी बळ मिळाले.

वऱ्हाडाने स्वस्त कापडाची लाट याआधीही पाहिली आहे. १८७० साली जलंब ते खामगाव रेल्वेचा फाटा सुरू झाला. तेव्हाचा कापूस आयुक्त हॅरी रिव्हेट-कार्नॅक याने आपल्या अहवालात अशा फाट्याकडून असलेली अपेक्षा उघड मांडली होती: विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथल्या कापडाला मागे सारेल, घरी कातले जाणारे सूत थांबून कापूस निर्यातीला मिळेल आणि कातणारे-विणणारे हात शेतमजुरीला मोकळे होतील. तसेच झाले. कापड स्वस्त झाले, ते वापरणाऱ्यांचा फायदाही झाला, पण ज्यांच्या हातात कला होती ते दुसऱ्याच्या शेतात मजूर झाले. आजच्या लाटेत विणकराच्या जागी टेलर आहे, आणि गावातल्या टेलरांत आज पुष्कळ बायका आहेत. घरच्या ओट्यावर मशीन ठेवून ब्लाउज शिवणारी, पिको-फॉल करणारी बाई ही या गावांतली मोठी कारागीर. तिला ग्राहक मिळाला नाही तर ती कापूस वेचायला जाईल.

सगळ्यात कठीण आक्षेप पैशाचा आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईकडे सहाशे एकरकमी नसतात, साडेतीनशे असतात, आणि लग्न परवा असते. तिला हिशेब शिकवणे हा अपमान होईल. नसलेला पैसा पुढे पुरवण्याची सोय हवी, एवढेच म्हणता येते. बचत गटातून किंवा भिशीतून वर्षाला दोन जोड कापड घेणे, ताग्याच्या शेवटचे कटपीस निवडणे, सणाच्या गर्दीत न घेता दिवाळी किंवा ईद उलटल्यावर महिन्याने घेणे, एवढ्याने फरक पडतो. मार्च २०२३पासून एसटीत बायकांना निम्मे तिकीट आहे. बुलढाण्याला किंवा खामगावला जाऊन कापड हाताने चाचपून, उजेडात धरून पाहण्याचा खर्च त्यामुळे कमी झाला आहे. फोनवर स्पर्श दिसत नाही. दुसरा आक्षेप तरुण मुलींचा, की स्टेटसवर एकदा दिसलेला ड्रेस पुन्हा कसा घालायचा? यालाही उत्तर कटातच आहे. तीन कुर्ते, दोन सलवारी, एक प्लाझो आणि दोन ओढण्या एकमेकांना जुळतील असे रंग आधीच ठरवून शिवले, तर पंधरवडाभर वेगळे दिसता येते. तिसरी तक्रार वेळेची: टेलर तारीख देतो आणि सणाआधी शिवून देत नाही. रास्त तक्रार आहे, पण सणाच्या आठ दिवस आधी सगळ्या गावाने एकदम कापड टाकले तर दोन हात काय करतील?

उरतो शिलाईचा दर. दर्जी हा व्यवसाय सप्टेंबर २०२३मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या अठरा पारंपरिक व्यवसायांत आहे. तिथे प्रशिक्षण आहे, पंधरा हजारांपर्यंत अवजारांसाठी मदत आहे, पाच टक्के व्याजाने कर्ज आहे. पण घरी ब्लाउज शिवणारी बाई स्वतःला दर्जी म्हणवत नाही, तिच्या घरचेही तिला ‘घरबसल्या काहीतरी करते’ म्हणतात. ओळखीची म्हणून तिच्याशी पन्नास रुपयांवरून घासाघीस होते आणि ॲपवर दिसलेली किंमत मात्र मुकाट्याने दिली जाते. अस्तराच्या ब्लाउजला कटोरी, मुंढा, हुक, पायपिंग धरून अर्धा दिवस जातो. तो अर्धा दिवस रोजगाराच्या दराने मोजून द्यावा. कापड टाकताना गळ्याचा फोटो दाखवावा, आणि सोबत सांगावे की बाजूंना दीड-दीड इंच माया ठेव.