हेडात मोडलेला स्टड

सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या ज्वलनकक्षाचे झाकण, आज बहुधा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ओततात, पण त्यावर एक्झॉस्टचा पाइप आवळून धरणारे स्टड, म्हणजे दोन्ही टोकांना आटे असलेल्या बिनडोक्याच्या सळया, पोलादाचे असतात. ओलावा मिळाला की या दोन धातूंत विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते, अ‍ॅल्युमिनियम झिजून त्याची पांढरी भुकटी आट्यांत साचते, आणि मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापत असल्याने ती पाचरीसारखी घट्ट बसते. मग नट सोडवताना पान्ह्यावर जोर वाढवला की आटे सुटण्याऐवजी स्टडच पिळवटून मोडतो.

तापवल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. त्यामुळे हेडाचे तापमान 150 अंश सेल्सिअसने वाढवले, तर 8 मिलिमीटरच्या स्टडभोवतीचे भोक स्टडपेक्षा मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाने जास्त मोठे होते, आणि पाचर ढिली व्हायला तेवढे पुष्कळदा पुरते. मोडलेल्या स्टडचा खुंट बाहेर डोकावत असेल, तर त्यावर नट ठेवून तो आतून वेल्डिंगने जोडतात. वेल्डिंगचे पोलाद अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही. शिवाय लालभडक झालेला खुंट निवताना आक्रसतो आणि भुकटीची पकड तुटते. त्यानंतर नट एका दमात न फिरवता थोडा मागे, थोडा पुढे, मधून तेलाचा थेंब सोडत, हलवावा लागतो.

खुंट पृष्ठभागाच्या आतच मोडला असेल, तर ड्रिलवाचून गत्यंतर नसते. मोडलेला भाग तिरपा असतो आणि भोवतीचा धातू मऊ, म्हणून ड्रिल हमखास मऊ बाजूला घसरते. तो भाग आधी सपाट करून नेमक्या मध्यावर पंच मारणे हेच खरे कौशल्याचे काम. ड्रिलने पाडलेल्या भोकात एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे उलट्या पिळाचे निमुळते हत्यार, ठोकण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण पूर्ण जाडीचा स्टड जिथे मोडला तिथे त्याहून बारीक, कडक आणि ठिसूळ हत्यार टिकेल, ही अपेक्षा भाबडी आहे. ते आत मोडले तर साधे ड्रिल त्यावर चालत नाही, आणि मग रॉकेलासारख्या वीजरोधक द्रवात ठिणग्या पाडून धातू कणाकणाने उडवणारे स्पार्क इरोजन यंत्र शोधावे लागते. हे तंत्र सोव्हिएत संघात 1943 मध्ये बोरिस आणि नतालिया लाझारेन्को या दांपत्याने विकसित केले, तेही ठिणग्यांनी होणारी विद्युत-संपर्कांची झीज कशी टाळावी याचा अभ्यास करताना. घड्याळजी पितळेत मोडलेला पोलादी स्क्रू तुरटीच्या गरम पाण्यात विरघळवतात, तोही मार्ग आहेच, पण जाड स्टडापुढे तो फार संथ.

स्टड निघाला तरी आटे अनेकदा गेलेले असतात. अशा वेळी भोक मोठे करून, त्यात नवे आटे पाडून हेलिकॉइल, म्हणजे स्टेनलेस पोलादाच्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी, बसवतात. तिच्या आत मूळ मापाचाच स्टड बसतो. त्याच्या आट्यांना उष्णता सोसणारी तांब्याची पेस्ट चोपडतात आणि वरचा नट शक्यतो तांब्याचा मुलामा दिलेला निवडतात, म्हणजे पुढच्या खेपेला स्टड न मोडता नटच सुटतो.