लॅपटॉप तुमचा, कन्व्हेयन्स कुणाचं?

मिरा रोडला पूनम सागरमध्ये आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे काका सोसायटीचं सगळं टायपिंग घरच्या जुन्या लॅपटॉपवर करतात. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ त्या लॅपटॉपला झेपेना. मी म्हटलं, “काका, टाकून कशाला देताय? लिनक्स टाकू या.”

अर्ध्या तासात लिनक्स ही खुली ऑपरेटिंग सिस्टीम बसली. मराठी टायपिंग, आवाज, पडदा सगळं ठीक. फक्त वाय-फायचं चिन्हच दिसेना. काका मोबाइल नाचवत म्हणाले, “अरे, इथे तर रेंज फुल आहे!” शेवटी त्यांचाच मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला, त्याचं इंटरनेट घेतलं आणि चिप बनवणाऱ्या कंपनीचा ड्रायव्हर उतरवला. लॅपटॉप पुन्हा सुरू केला तेव्हा वाय-फाय आलं.

“म्हणजे लिनक्स सगळ्यांचं, पण वाय-फाय कंपनीचं?” काकांनी नेमकं विचारलं.

ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. ‘हा मजकूर पाठव’ एवढं ऑपरेटिंग सिस्टीमला सांगता येतं; त्यासाठी चिपच्या कोणत्या कप्प्यात कोणता आकडा टाकायचा, ते चिप बनवणाऱ्याला ठाऊक असतं. त्याने ती माहिती खुली केली, तर कुणीही ड्रायव्हर लिहू शकतो. नाही केली, तर कंपनी देईल ती बंद पेटी घ्यायची. ती चालते, पण उघडून बघता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही.

काकांना हे कन्व्हेयन्सच्या भाषेत लगेच कळलं. फ्लॅटचं ॲग्रीमेंट रजिस्टर झालं, हप्ते फिटले, पण कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणं, राहिलं; ती अजून बिल्डरच्याच नावावर. एरवी काही अडत नाही. अडतं ते पुनर्विकासाच्या वेळी. बंद ड्रायव्हरचंही तसंच. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सतत बदलतो. त्यातच सामावलेले खुले ड्रायव्हर बदल करणारेच सोबत दुरुस्त करतात. बंद ड्रायव्हरला मात्र कंपनीची वाट पाहावी लागते. कंपनीने त्या मॉडेलचा नाद सोडला, की धडधाकट कार्डही भंगारात. असा ड्रायव्हर चढला, की कर्नल स्वतःवर ‘टेन्टेड’ असा शेराही मारून ठेवतो. मग कर्नलची मंडळी तुमची तक्रार सहसा हातात घेत नाहीत. आत काय चाललंय तेच दिसत नाही, तर बिघाड शोधणार कुठे?

गंमत म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची चळवळच अशाच बंद पेटीच्या एका प्रिंटरवरून पेटली, आणि तो होता झेरॉक्सचा. एमआयटीच्या प्रयोगशाळेत कागद अडकला की छपाईची वाट पाहणाऱ्यांना निरोप जावा, अशी सोय रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये केली होती. १९८०च्या सुमारास आलेल्या नव्या लेझर प्रिंटरचा सोर्स कोड, म्हणजे वाचता-बदलता येणारा मूळ प्रोग्राम, त्यांना मिळाला नाही. ती खंत मनात राहिली, आणि १९८३मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

बिल्डर दाद देत नसेल तर महाराष्ट्राच्या फ्लॅटमालकीच्या ‘मोफा’ कायद्यातल्या २००८च्या दुरुस्तीने सोसायटीला मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची, वाट दिली. संगणकाच्या जगातली तशी वाट म्हणजे ‘नूवो’. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांचं वागणं बाहेरून न्याहाळून स्वयंसेवकांनी हा ड्रायव्हर लिहिला आणि २०१०मध्ये तो कर्नलमध्ये आला. पण २०१४च्या नव्या कार्डांपासून कंपनीने स्वतःची डिजिटल सही असलेलं फर्मवेअर, म्हणजे कार्डाच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, सक्तीचं केलं, आणि नूवोला त्या कार्डांचा वेग वाढवता येईना. मे २०२२मध्ये कंपनीने ड्रायव्हरचा कर्नलमधला भाग खुला केला. बरंचसं काम मात्र कार्डावरच्या बंद फर्मवेअरमध्ये राहिलं.

मग तत्त्व सांभाळायचं की वाय-फाय? डेबियन या लिनक्सच्या वितरणाने अनेक वर्षं बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत इन्स्टॉलरबाहेर ठेवलं. परिणाम असा, की इंटरनेट चालू करायला लागणारी फाइल इंटरनेटवरूनच आणायची! २०२२मध्ये सदस्यांनी मतदान केलं, आणि जून २०२३च्या डेबियन १२पासून ते इन्स्टॉलरमध्ये आलं, पण वेगळ्या कप्प्यात, तसं लेबल लावून. ट्रिस्केलसारखी वितरणं आजही ते घेत नाहीत.

मला डेबियनची वाट पटते. अडल्यावर बंद पेटी घ्यावी, पण आपण काय घेतलं ते माहीत असावं. म्हणून लिनक्स बसवण्याआधी ते पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, ब्लूटूथ, कॅमेरा तपासा. नवा लॅपटॉप घेताना आतली वाय-फायची चिप कोणती, ते विचारा. शिकायचं असेल, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मराठीतही आहेत.

पुढच्या खरेदीत ही वाय-फायची चिप नको, म्हणून काकांना तिचं नाव मी कागदावर लिहून दिलं. त्यांनी तो घडी घालून सोसायटीच्या फायलीत लावला, बिल्डरशी झालेल्या पत्रव्यवहाराच्या मागे.