चष्मा कधी सुटणार?

तीन वर्षांच्या मुलीच्या नाकावर चष्मा चढला, की घरातला पहिला प्रश्न डोळ्यांचा नसतो, चष्म्याचा असतो. “हा सुटणार कधी?” आजी विचारते, आत्या विचारते आणि लग्नघरी तर ओळखदेख नसलेली माणसेही विचारतात. फोटोच्या वेळी “जरा काढा गं तो” असा आग्रह होतो. चष्मा निघताच एक डोळा नाकाकडे वळतो आणि आईच्या पोटात गोळा येतो. म्हणजे चष्म्याने तिरळेपणा वाढला की काय?

तसे नाही. मूळचा दोषच उघडा पडतो. सरळ डोळे पाहायची सवय झाल्यामुळे तो आता अधिक खुपतो, इतकेच.

अशा मुलांचा नंबर बहुधा ‘प्लस’चा आणि बराच मोठा असतो. स्पष्ट दिसावे म्हणून डोळ्यातल्या भिंगाला सतत फुगावे लागते. आता निसर्गाने या श्रमाची आणि डोळे आत वळण्याची एकच दोरी वळून ठेवली आहे. एक ओढली की दुसरी ओढली जाते. युट्रेक्टच्या डॉ. डोंडर्स या डच नेत्रवैद्याने हे नाते 1864 साली आपल्या ग्रंथात मांडले. चष्म्याची काच भिंगाचे श्रम स्वतःकडे घेते आणि दोरी सैल पडते. आत वळणारा प्रत्येक डोळा या जातीचा नसतो, हेही खरे. तान्हेपणीच जडलेल्या तिरळेपणात नुसत्या चष्म्याने बहुधा भागत नाही. म्हणून थेंब घालून नीट तपासणी करायची.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. सहा-सात वर्षांपर्यंत हा नंबर पुष्कळदा थोडा वाढतोच. तेव्हा हिरमुसण्याचे कारण नाही. पुढे तो सावकाश उतरू लागतो. ज्यांचा नंबर मुळात बेताचा, त्यांतल्या काहींचा चष्मा डॉक्टर बारा-चौदा वर्षांच्या पुढे हळूहळू उतरवू शकतात. मोठ्या नंबरवाल्यांचा बहुधा सुटत नाही. मोठेपणी कॉन्टॅक्ट लेन्स वापरता येते. काही मुलांचे डोळे वर्षानुवर्षे सरळ राहून पुढे चष्म्यातही वळू लागतात. उरलेल्या तिरळेपणासाठी मग शस्त्रक्रिया करावी लागते. पण ती चष्मा घालवण्यासाठी नव्हे, हे आधीच समजून घेतलेले बरे, नाहीतर नंतर डॉक्टरांशी वाद होतो!

खरा धोका वेगळाच आहे. वळलेल्या डोळ्याने पाहिलेले मेंदू मोजेनासा होतो आणि तो डोळा आळशी बनतो. मग चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून आळशाला कामाला लावावे लागते. सात-आठ वर्षांच्या आत हे जितके साधते, तितके पुढे साधत नाही. दोन्ही डोळे मिळून अंतर जोखण्याची शक्ती तर आणखी नाजूक. डोळा बरेच महिने वळलेला राहिला, तर नंतर तो सरळ झाला तरी ती पुरती परतेलच असे नाही. सुईत दोरा ओवताना, झेललेला चेंडू हातून निसटताना ते जाणवते. “वाढत्या वयात आपोआप जाईल,” “किंचित तिरळी नजर भाग्याची,” असे म्हणत घालवलेले वर्ष इथे महागात पडते.

तेव्हा फोटो चष्म्यासकट काढावा. मुलांना त्याचे काही वाटत नाही. पहिले चार दिवस चष्मा भिरकावणारी पुष्कळ मुले महिन्याभरात, सकाळी डोळे चोळत, दुधाच्या आधी चष्मा मागू लागतात.