मेक वे फॉर टुमॉरो (चित्रपट)

मेक वे फॉर टुमॉरो हा १९३७ साली प्रदर्शित झालेला अमेरिकन कृष्णधवल चित्रपट आहे. लिओ मॅकॅरी यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट जोसेफिन लॉरेन्स यांच्या कादंबरीवर आधारित आहे. ल्यूसी व बार्कली कूपर या वृद्ध दांपत्याच्या भूमिका ब्यूला बाँडी आणि व्हिक्टर मूर यांनी केल्या आहेत.

कथानक

कर्जापायी कूपर दांपत्याचे घर बँकेच्या ताब्यात जाते. पाच अपत्यांपैकी एकाच्याही घरी दोघांची एकत्र सोय होत नाही. ल्यूसी मुलगा जॉर्ज याच्याकडे, तर बार्कली दूरच्या गावी मुलगी कोरा हिच्याकडे राहू लागतो.

शेवट

हवामानाचे कारण देऊन बार्कलीला कॅलिफोर्नियातील मुलीकडे पाठवण्याचे ठरते. जॉर्ज आईला वृद्धाश्रमाविषयी सांगू पाहतो. मात्र त्याचा संकोच ओळखून ल्यूसी स्वतःच तेथे जाण्याची इच्छा व्यक्त करते आणि ही गोष्ट वडिलांना कळू न देण्याचे वचन घेते. निरोपापूर्वीचे काही तास दोघे न्यू यॉर्कमध्ये, पन्नास वर्षांपूर्वी मधुचंद्रासाठी उतरलेल्या हॉटेलात घालवतात व मुलांकडील भोजन टाळतात. स्थानकावर बार्कली नोकरी मिळताच तिला बोलावून घेण्याचे आश्वासन देतो. गाडी निघून जाते आणि ल्यूसी फलाटावर एकटी उरते.

अन्वयार्थ

पुनर्भेट होणार नाही, असे चित्रपट स्पष्टपणे सांगत नाही. तथापि, पुन्हा भेट न झाल्यास म्हणून बार्कली आधीच औपचारिक निरोप घेतो. त्यामुळे नोकरीचे आश्वासन हा दोघांनी एकमेकांसाठी जपलेला आधार ठरतो. मुलांना खलनायक केलेले नाही; आपण चुकलो, हे त्यांना उमगते, पण ती जाणीव कृतीत उतरत नाही. प्रारंभीच्या पाटीवरील मातापित्यांचा मान राखण्याची आज्ञा त्यामुळे अखेरीस अपुरीच राहते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा १९३५ साली झाला असला, तरी मासिक निवृत्तिवेतन १९४० मध्ये सुरू झाले. त्या काळातील वृद्धांचे परावलंबन या कथेमागे आहे.

परिणाम

शेवट सुखान्त करण्याची पॅरामाउंटची सूचना मॅकॅरी यांनी नाकारली. चित्रपटाला व्यावसायिक यश मिळाले नाही आणि त्यांना ती संस्था सोडावी लागली. त्याच वर्षीच्या द ऑफुल ट्रुथ या विनोदी चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळाले. ते चुकीच्या चित्रपटासाठी दिले गेले, असे ते म्हणाले. यासुजिरो ओझू यांच्या टोकियो स्टोरी (१९५३) या चित्रपटामागे याच कथेची प्रेरणा मानली जाते. २०१० मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.