तळाची मूठभर माती

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी, तिच्या परिवारातील पूर्णा आणि दुधना, काही तलाव आणि गावोगावच्या विहिरी एवढेच या भागाचे जलवैभव; आणि तेही उन्हाळ्यात किती उरते हे येथील वाचकांना सांगावयास नको. अशा जिल्ह्यात श्वास रोखून खोल पाण्यात उतरण्याच्या आणि तेथील प्राणिसृष्टीचे चित्रीकरण करण्याच्या छंदाविषयी लिहिणे अनेकांना अस्थानी वाटेल. परंतु थोडे मागे वळून पाहिले, तर या छंदाचे अर्धे अंग आपल्या घरचेच होते असे आढळेल.

पन्नाशी ओलांडलेल्या कोणाही गावकऱ्यास त्याच्या बालपणीच्या विहिरीविषयी विचारावे. पाठीला रिकामा डबा किंवा वाळलेला भोपळा बांधून घेतलेला पोहण्याचा पहिला धडा, पुढे काठावरून मारलेले मुटके आणि सूर, आणि अखेरीस खरी परीक्षा : एका दमात तळ गाठून मूठभर गाळ वर आणणे. ज्याच्या मुठीत गाळ नसे, त्याचा शब्द कोणी मानीत नसे. पुराव्यावाचून विधान स्वीकारू नये हा शास्त्राचा नियम ती मुले नकळत पाळीत होती.

या बुडीमागील शरीरव्यापार मोठा विलक्षण आहे. चेहरा थंड पाण्यात बुडाला व श्वास थांबला की हृदयाचे ठोके मंदावतात. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावून रक्त मेंदू आणि हृदय यांच्याकडे वळते. प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. दहा मीटर खोलीवर पाण्याचा दाब असा पडतो की, फुप्फुसातील हवेचे आकारमान निम्मे होते. फ्रान्सच्या जॅक मायोल यांनी १९७६ साली एका श्वासात शंभर मीटर खोली गाठली. त्यांनी योगाचा अभ्यास केला होता, आणि पूरक, कुंभक, रेचक हे शब्द ज्यांच्या कानांवरून लहानपणीच गेले आहेत त्यांना याचे नवल वाटू नये.

मात्र येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायू संपल्यामुळे होत नाही. ती प्रामुख्याने रक्तात साठणाऱ्या कार्बन डाय-ऑक्साइडमुळे होते. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले तर हा वायू कमी होतो, तळमळ लांबते, आणि कोणतीही सूचना न मिळता पाण्यातच शुद्ध हरपते. उत्तम पोहणारेही असे मृत्युमुखी पडले आहेत. म्हणून जाणकार सोबती जवळ असल्यावाचून ही विद्या कोणीही आजमावू नये.

छंदाचे दुसरे अंग चित्रीकरणाचे. १९४३ साली जॅक-इव्ह कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी पाठीवरील नळकांड्यातून श्वास घेण्याचे साधन सिद्ध केले आणि समुद्राच्या पोटातील जग पडद्यावर येऊ लागले. तरीही काही जण नळकांडे टाळून एका श्वासावरच विसंबतात, कारण बुडबुड्यांच्या आवाजाने जलचर बुजतात. दक्षिण आफ्रिकेचे क्रेग फॉस्टर हे त्यांपैकी एक. बालपणापासून केपच्या किनाऱ्यावर बुड्या मारणारा हा चित्रपटकार मनाने थकलेल्या अवस्थेत पुन्हा त्याच थंड पाण्याकडे वळला, आणि एका मादी अष्टपादाला महिनोन्महिने रोज भेटत राहिला. त्यातून निघालेल्या चित्रपटाला २०२१ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच जागी दररोज जाणे आणि दिसेल ते नोंदवणे, एवढीच त्यांची साधना होती.

आपल्या महाराष्ट्रात असे पाणी मालवणला आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्रास १९८७ साली सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. स्थानिक मच्छीमारांनी त्यास विरोध केला. ज्यांची चूल समुद्रावर चालते त्यांची शंका अनाठायी म्हणता येणार नाही. पुढे तारकर्लीस पर्यटन महामंडळाने पाणबुडीविद्येचे प्रशिक्षण सुरू केले, आणि किनाऱ्यावरील तरुण पाहुण्यांना प्रवाळ दाखविण्यासाठी पाण्यात नेऊ लागले. हे प्रयत्न मुख्यत्वे नळकांड्यांच्या साहाय्याने चालतात, आणि गर्दीमुळे प्रवाळांस इजा होण्याचा धोकाही आहेच. तथापि पाण्याखाली काय आहे हे हजारो लोकांनी डोळ्यांनी पाहिले, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अधिसूचनेपेक्षा लहान नाही.

आणि आपण? आपल्याकडे विहिरीची जागा कूपनलिकेने घेतली. विहिरीत माणूस डोकावत असे. वीतभर रुंदीच्या नळीत कोण काय पाहणार? टंचाईने पाण्याचा हिशेब टँकरच्या खेपांत आणि धरणाच्या टक्केवारीत करावयास लावले. तो आवश्यकच आहे. परंतु पाणी ही कोणाची तरी वसतीही आहे, हे भान त्यात हरपले. मरळ मासा हवेचा घोट घेण्यासाठी आपल्या पाणबुड्यांसारखाच पृष्ठभागावर येतो आणि पिलांच्या घोळक्याची राखण करतो. १९५२ साली परदेशातून आणलेल्या चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते, आणि ही उपरी जात आज आपल्या जलाशयांत मूळच्या माशांना भारी ठरते आहे. दूरच्या प्रवाळांची चित्रे पाहणाऱ्या विद्यार्थ्याने ही शेजारची नाट्ये पाहिलेली नसतात. जे कधी पाहिलेच नाही, त्याचा नाश झाल्याचे दुःख तरी कोणास होणार?

उपाय फार खर्चाचा नाही. पावसाळ्याचा गढूळपणा ओसरला की, हिवाळ्यात जलाभेद्य कॅमेरा दोरीने बारवेत वा तलावात सोडता येतो. त्यासाठी कोणी बुडी मारण्याचीही गरज नाही. महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांनी एकेक जलाशय निवडून दरवर्षी त्याच ठिकाणचे चित्रण जपून ठेवावे. गाळ काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर तेथे कोण नांदत होते, याची नोंद त्यातून राहील. शाळांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, विजेच्या मोटारी नसलेल्या सुरक्षित जागी, मुलामुलींना पोहावयास शिकवावे. विहिरी आटल्या तसे हे शिक्षणही आटत चालले आहे, आणि न पोहता येणारी पिढी पाण्याला केवळ भीतीने ओळखते.

पूर्वी मुले तळ गाठल्याची खूण म्हणून मूठभर गाळ आणीत. आज त्या मुठीत कॅमेरा आला तरी मागणी तीच आहे : खाली काय आहे, ते आम्हाला दाखव. ज्या जिल्ह्यात पाणी इतके थोडे, तेथे त्याच्या प्रत्येक थेंबाच्या रहिवाशाची ओळख करून घेणे हे आपले पहिले कर्तव्य ठरते.